वामनरावांची मंचिर्यालची सून

लिंबगावच्या वामनरावांनी आपला एकुलता एक पोरगा शिकायला मंचिर्यालला घातला, तेव्हाच गावानं कपाळावर हात मारून घेतला होता. आदिलाबाद हाकेच्या अंतरावर, जैनथहून बस. तिथं कॉलेज आहे, मामाचं घर आहे, बाजारात अर्धे लोक मराठी बोलतात. ते सोडून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोळशाच्या खाणींकडं, जिथं मराठी अक्षर औषधालाही सापडत नाही, तिथं पोराला कोण धाडतो?

पण वामनरावांचा हिशेब निराळा होता. त्यांच्या आज्याच्या वेळी दफ्तराची भाषा उर्दू होती. आज्यानं न वाचता अंगठा दिला. मग ती तेलुगू झाली. बापानं न वाचता अंगठा दिला, आणि वामनरावांनी न वाचता सही केली, एवढीच काय ती प्रगती. "दफ्तराची बोली बदलते, आपला अंगठा थोच राह्यते," असं ते म्हणत. पोरगा चंपत हा घराण्यातला पहिला माणूस व्हायचा होता, जो कागद आधी वाचेल आणि मग सही करेल. विहिरीत ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, म्हणून त्यांनी त्याला तेलुगूत ढकलला. बसमध्ये बसवताना बजावलं, "थितं मराठी मानूस दिसला का रस्ता बदल. डिग्री घेऊनच ये. मधात पळून आला तं या घराचं दार तुले बंद."

चंपत बिचारा आज्ञाधारक. मराठी माणसाशी बोलायचं नाही, आणि तेलुगू तर अजून जिभेवर बसत नव्हती. अशा मधल्यामध्ये लोंबकळत असताना त्याला मंचिर्यालच्या बसस्टँडमागं कुत्र्याचं पिल्लू सापडलं. कुत्र्याशी मराठीत बोलू नको, असं काही वडिलांनी सांगितलं नव्हतं. त्यानं ते शर्टाच्या आत घालून वसतिगृहावर आणलं.

ही गोष्ट वामनरावांना कळायला पुढं बराच उशीर झाला, आणि तोवर त्यांची जी शोभा झाली ती कोणाचीही न होवो. आपण मात्र आधीच सांगून टाकलेलं बरं.

वसतिगृहातली बाकीची सगळी पोरं तेलुगू. 'पिल्लू' हे त्यांना कुत्रीचं नाव वाटलं आणि तेलुगू जिभेवर त्याचं लगेच 'पिल्ल' झालं. घोटाळ्याला पाय फुटले ते इथं. कारण तेलुगूत पिल्ल म्हणजे पोरगी. पिल्लि म्हणजे मांजर, पेळ्ळी म्हणजे लग्न, आणि पिल्लू म्हणजे काहीच नाही. व्याकरणही मदतीला येईना. मराठीत पोरगी जेवली आणि पिल्लू जेवलं, एवढा फरक तरी कळतो. तेलुगूत एका बाईला आणि एका जनावराला एकच क्रियापद पुरतं. पोरं व्हरांड्यातून ओरडून विचारायची, "चंपत, नी पिल्ल तिन्नदा?" म्हणजे, तुझी ती जेवली का. आणि व्हरांड्याच्या टोकाला वॉर्डन कोटेश्वरराव सार हे ऐकत उभे असायचे.

सार वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मूळचे गुंटूरकडचे, बायकामुलं तिकडंच, हे इकडं एकटे. देवभोळा, भिडस्त माणूस. त्यांनी एका पोराला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चंपतच्या खोलीतली पिल्ल... कशी आहे रे?" पोरगं म्हणालं, "फार छान, सार. पांढरीशुभ्र आहे. सगळ्यांच्या मागं मागं फिरते." सारांना घाम फुटला.

आता तुम्ही म्हणाल, मग दार उघडून बघावं की नाही? पण दार उघडलं आणि आत खरंच पोरगी निघाली, तर पंचनामा आला, पोलीस आले, आणि पोरीची अब्रू चव्हाट्यावर गेली. सारांनी ते टाळलं. त्याऐवजी त्यांनी व्हरांड्यात आपलं धोतर आडवं बांधून पडदा केला. चंपत खोलीला कुलूप लावून कॉलेजात गेला की आतून बारीक रडणं ऐकू यायचं, आणि सारांचा जीव तुटायचा. ते भात आणि ताक ताटात घालून दाराखालच्या फटीतून आत सरकवायचे. संध्याकाळी ताट इतकं लख्ख चाटूनपुसून परत यायचं की पोरगी फार गरीब घरची असली पाहिजे, याविषयी त्यांना शंका उरली नाही.

शेवटी त्यांनी आदिलाबादच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. लिंबगावच्या वामनरावांना सांगा, मुलानं खोलीत पिल्ल ठेवली आहे, लवकर या. हा निरोप कंडक्टरनं गुडीहत्नूरच्या चहावाल्याला दिला, चहावाल्यानं कापसाच्या गाडीवाल्याला, आणि त्यानं आदिलाबादच्या बाजारात भाजीवाल्या गयाबाईला. दर हाताला निरोप थोडा थोडा फुगत गेला. गयाबाई लिंबगावात उतरली तेव्हा टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "वामनराव, तुमच्या चंपतनं थितं पिल्ल ठेवली म्हनते. पेळ्ळी लावा लागते, नाई तं सरकार धरते."

वामनरावांना बाजारापुरती तेलुगू येत होती. आली नसती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी वामनराव, त्यांच्या घरच्या रेणुकाबाई आणि रेणुकाबाईंचे भाऊ उद्धवराव अशी तिघं निघाली. उद्धवराव जुने पटवारी. सरकारनं पटवारीपण मोडीत काढून बरेच दिवस झाले होते, पण उद्धवरावांच्या जिभेवरून ते अजून खारीज झालं नव्हतं. वामनरावांनी पिशवीत बैलाचा कोरडा घेतला होता. रेणुकाबाईंच्या पिशवीत हिरवं लुगडं, खण आणि नारळ होता.

"हे काऊन घेतलं?" वामनराव खेकसले.

"वजन मी उचलून राह्यली, तुमी कायले बोलता?" रेणुकाबाई म्हणाल्या. सून आणायची त्यांची हौस जुनी होती, आणि जयवंताबाई शेजारणीला 'कोनाले सांगू नको' अशी शपथ घालून त्यांनी सगळं सांगितलंही होतं. म्हणजे गावाला दवंडी पिटायची गरज उरली नव्हती.

"पोट्टा हातचा गेला," वामनराव वाटभर बोलत होते. "कान धरून आनतो अन् औताले जुपतो. झालं शिक्षन."

"पयले बयान," उद्धवराव म्हणाले. "बयानाशिवाय फैसला नाई, भाऊजी."

गुडीहत्नूरला बस बदलायची होती. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर एक सरदारजी ट्रकवाला बसला होता. हे तिघं काळजीत दिसले म्हणून त्यानं आपुलकीनं विचारलं. परक्या माणसाला सांगायला काय हरकत, म्हणून वामनरावांनी मान खाली घालून सांगितलं, "लड़के ने कॉलेज में पिल्ला रख लिया."

"बस? पिल्ला ही तो रखा है!" ट्रकवाला खो खो हसला. "मैंने भी रखा था, जी. तीन साल ट्रक में साथ घुमाया. बड़ा हुआ तो ढाबेवाले को दे दिया."

रेणुकाबाईंनी पदर तोंडावर ओढला. उद्धवरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि तिघं बाकड्यावरून उठून उन्हात जाऊन उभी राहिली. वसतिगृहाबाहेर साऱ्या जिल्ह्यात खरी गोष्ट नेमकी कळलेला तो एकटाच माणूस होता, आणि त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं या तिघांनी ठरवलं. घरच्या गोष्टीत हिंदीवर भरवसा ठेवायची आपल्याकडं पद्धत नाही.

उटनूरच्या जंगलात बस घाट चढत होती तेव्हा रेणुकाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "काई म्हना, कोनाची तरी लेक हाये ना ते. चंपत्याले तुमी घरी आनसान. तिनं कुठं जावं?" जन्नारम गेलं, लक्षेट्टीपेट गेलं, तरी तो प्रश्न वामनरावांच्या मांडीवर बसलेलाच होता.

वसतिगृहात धोतराचा पडदा अर्धा बाजूला सारून समोर खुर्च्या मांडल्या गेल्या. पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. चंपत कुलूप लावलेल्या दाराला पाठ लावून उभा होता, वाळलेला, डोळे खोल गेलेले. कुत्रं पाळलं म्हणून बाप, माय आणि मामा एवढ्या लांब आले, हे पाहून त्याची बोबडीच वळली होती. वामनरावांना वाटलं, पापानं वाळला.

उद्धवराव खाकरले आणि त्यांनी बयान घ्यायला सुरुवात केली.

"ठेवलं का नाई?"

"ठेवलं, मामा."

"नाव?"

"पिल्लू."

"लाडाचं नको सांगू. खरं नाव?"

"तेच हाये."

"जात?"

चंपतनं खाली पाहिलं. "जात कोन पाह्यते, मामा. गावठीच हाये."

"गावठी का होईना," रेणुकाबाई पुटपुटल्या. "शयराची नखरेल नाई, हे बरं झालं."

"मायबाप?"

"माय लारीखाली गेली. बापाचा पत्ता नाई. बसस्टँडमागं एकटंच बसलं व्हतं. लोकं दगडं मारून राह्यले व्हते."

"दगडं?" रेणुकाबाई उठून उभ्या राहिल्या. "मानसं हायेत का जनावरं!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सारांना शब्द कळला नाही, पण धार कळली, आणि त्यांनीही चष्मा काढला.

"तुह्यासंगं राह्याले राजी हाये का?" उद्धवरावांचा आवाजही आता पटवाऱ्याचा राहिला नव्हता.

"मी कालेजात गेलो का दार खरडत बसते, मामा. मी आलो का पायात लोळते." चंपत दाराला अजून घट्ट टेकला. "दिवसभर मी मुकाच राह्यतो. हिच्यासंगंच काय ते बोलतो. तुमी मले मारा, पन हिले भायेर काढू नका. ते मरून जाईन."

वामनरावांचा हात पिशवीत कोरड्यापर्यंत गेला होता. तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला. पोरानं शेण खाल्लं होतं, पण टाकून पळाला नव्हता. आपल्या पोटचा पोरगा एका अनाथ जिवासाठी मार खायला उभा आहे, हे पाहून त्यांना रागाच्या आत कुठंतरी अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचा पुन्हा राग आला. शेवटी त्यांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि उभे राहिले.

"मी, लिंबगावचा वामनराव, जबान देतो. पोट्टी कोनाचीबी असो, जात कोनतीबी असो, बोली कोनतीबी बोलो. आजपासून ते माह्या घरची सून. तिले कोनी रस्त्यावर काढनार नाई. अन् चंपत्या शिकनं सोडनार नाई."

उद्धवरावांनी याचं तेलुगू केलं. सारांनी वामनरावांचे दोन्ही हात धरले आणि "आप बड़ा आदमी है, बड़ा आदमी है," असं म्हणत राहिले. रेणुकाबाईंनी लुगडं बाहेर काढलं. फक्त भिंतीजवळची पोरं एकमेकांकडं बघत होती, आणि चंपतचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं.

"सून?" तो म्हणाला.

"उघड दार," वामनराव म्हणाले. "येऊ दे तिले भायेर. भ्या नको म्हना."

चंपतनं कुलूप काढलं. पांढरं, काळ्या कानाचं एक पिल्लू उड्या मारत बाहेर आलं, धोतराच्या पडद्याखालून घुसलं, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि सरळ रेणुकाबाईंच्या लुगड्यावर जाऊन बसलं.

मग उद्धवराव खोलीत डोकावून आले, खाटेखाली पाहिलं, दारामागं पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "अजून कोनी नाई."

त्यानंतर जो हशा झाला त्यात पोरं खाली बसली. हसले नाहीत ते दोघेच, वामनराव आणि सार. आणि गंमत अशी, की इतके दिवस पोरगी आहे असं समजून ताक-भात सरकवणारे सार आता लालबुंद झाले.

"कुक्का!" ते ओरडले. "माझ्या होस्टेलात कुक्का!"

पोरगी असती तर सारांनी कन्यादानालाही पाट मांडला असता. पण कुत्र्याला नियमात जागा नव्हती. विद्यार्थ्यानं विद्या करावी, त्यानं कुत्रं का पाळावं? परीक्षेच्या दिवसांत त्याला कोण पाहील? उन्हाळ्यात सुटी लागली की ते कोणाकडं जाईल? आज याला कुत्रं ठेवू दिलं तर उद्या दुसरा बकरी आणेल, आणि परवा लक्षेट्टीपेटचा तो जाड पोरगा म्हैस बांधेल! मुद्दे एकेक बिनतोड होते. वामनरावांनाही ते पटत होते, आणि पटत होते म्हणूनच जास्त राग येत होता.

"संध्याकाळपर्यंत बाहेर," सार म्हणाले.

"ते गेलं तं मीबी चाललो," चंपत म्हणाला.

वामनराव अडकित्त्यात सापडले. एवढी वाट तुडवून आल्यावर, जबान दिल्यावर, पोराचं शिक्षण शेवटी एका कुत्रीपायी बुडणार? त्यांनी रुमाल झटकला आणि पुन्हा डोक्याला बांधला.

"जबान मी दिली व्हती का नाई? सून म्हनलं तं म्हनलं. तोंडातून गेलेला शब्द मी गियत नाई. मी नेतो तिले घरी. तिले भाकर भेटन, ओसरी भेटन. तू अथी शिक. आता तुही जबान दे."

चंपतनं पिल्लाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. "बरं," म्हणाला. एवढंच. त्या 'बरं'कडं वामनरावांनी तेव्हा नीट पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, कुत्र्याला मनाई आहे. उद्धवरावांनी त्याला दोन कोस समजावून सांगितलं की कागदोपत्री ते कुत्रं असलं तरी जबानीनं सून आहे. कंडक्टर तोच निघाला, निरोप नेणारा. "हीच का ती?" म्हणून त्यानं सगळ्या बसला उठवून दाखवली.

लिंबगावच्या फाट्यावर अर्धा गाव उभा होता. जयवंताबाईंनी शपथ मोडल्याचा हा पुरावा. बाया ताट घेऊन आल्या होत्या, हलगी होती. वामनराव उतरले, उद्धवराव उतरले, रेणुकाबाई उतरल्या, त्यांच्या कडेवर हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आता गं माय! लेकरूबी झालं?" जयवंताबाई ओरडल्या.

मग लुगड्यातून काळा कान बाहेर आला.

गाव आठवडाभर पुरेल एवढं हसलं. पण ताट लावलेलं होतं, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं, हलगीवाला बोलावलेला होता. मांडलेला कार्यक्रम मोडायचा कसा? रेणुकाबाईंनी ओवाळलं. नवी सून पायानं माप लवंडून घरात येते, हिनं तोंडानं लवंडलं आणि तिथंच बसून तांदूळ खाल्ले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, लवंडलं ना, झालं.

वामनरावांना वाटलं, चार दिवस गाव हसेल आणि विसरेल. गाव विसरलंही. पण पिल्लू विसरेना. भाकर दुधात कुस्करून दिली, ती शिवली नाही. कापसाच्या गंजीवर मऊ जागा करून दिली, बसली नाही. ओसरीच्या कडेला रस्त्याकडं तोंड करून बसायची. फाट्यावर बसचा भोंगा वाजला की कान उभे करायची, आणि बस गेली की पाडायची. वामनराव तिला गोड बोलून बघत, दरडावून बघत. ती त्यांच्याकडं वळायचीसुद्धा नाही.

"सून नांदत नाई वाटते," जयवंताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "सासू छळत असन."

"मी?" रेणुकाबाई कुंपणाशी धावल्या. "दुधात भाकर कुस्करून देऊन राह्यली मी तिले! सख्ख्या सुनेले कोनी देत नाई!" आणि त्या खरंच रडल्या. आपण कुत्र्याची सासू म्हणून बदनाम होतोय, याचं त्यांना हसूही येईना.

अशात एका दुपारी फाट्यावर बस थांबली आणि तिच्यातून इस्त्रीची पँट घातलेला एक माणूस उतरला. हातात केळ्यांचा घड होता. कोटेश्वरराव सार. ओसरीवरची कुत्री उठली, शेपटी हलवत त्यांच्यापर्यंत गेली, हात हुंगले, मागं अजून कोणी येतं का ते पाहिलं, आणि परत जागेवर येऊन बसली.

रेणुकाबाईंना एका क्षणात सगळं समजलं. नव्या सुनेला पहिल्या खेपेला माहेरी न्यायला माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. "मुऱ्हाळी आला!" त्या म्हणाल्या आणि पाट मांडायला आत पळाल्या. सारांना पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, वरण-पोळी आणि तूप वाढलं. सार काही न कळता जेवले. इकडं आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना इतक्या आग्रहानं वाढत होतं.

जेवण झाल्यावर ते वामनरावांसमोर बसले. वामनरावांची बाजारी तेलुगू आणि सारांची मोडकी हिंदी मिळून एक वाट तयार झाली.

चंपतनं जबान पाळली होती. सोडून गेला नव्हता. रोज कॉलेजात जायचा, मेसमध्ये बसायचा. पण बोलत नव्हता. हजेरीला नाव घेतलं की हात वर करायचा, तोंड उघडायचा नाही. "मला वाटलं, रागावला असेल," सार म्हणाले. "पण परवा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि एक वाक्य बोलला. मराठीत. आणि रडला. मला कळलं नाही. मी ते विसरू नये म्हणून घोकत बसलो. आमच्या बँकेत तुमच्याकडचा एक कारकून आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, बोअर होतं. पण वामनरावगारू, बोअर झालेला मुलगा असा रडत नाही. म्हणून मी तुम्हाला विचारायला आलो."

"काय म्हनला चंपत?"

सारांनी डोळे मिटले आणि पोर जसं पाढा म्हणतं तसं एकेक अक्षर उच्चारलं. "सार. मले. अथी. करमत. नाई." मग डोळे उघडून विचारलं, "करमत नाई अंटे एमिटि?" म्हणजे, करमत नाई याचा अर्थ काय?

तेलुगूत वामनरावांना कापसाचा भाव विचारता येत होता, बैलाचे दात विचारता येत होते, पाऊस किती झाला ते सांगता येत होतं. याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. हिंदीत शोधलं, नव्हता. आज्याच्या उर्दूत शोधलं, नव्हता. आपल्याच पोरानं सांगितलेली एवढीशी गोष्ट आपल्याला पुढं सांगता येत नाही, याची त्यांना लाज वाटली. आणि मग त्याहून मोठी लाज वाटली, की हा शब्द बोलायला पोराला बापाचं घर बंद होतं, म्हणून तो परक्याच्या दारात जाऊन बोलला.

त्यांनी हात उचलून ओसरीच्या कडेकडं बोट केलं. तिथं कुत्री रस्त्याकडं तोंड करून बसली होती. शेजारी दुधातली भाकर तशीच सुकत होती.

"हे," वामनराव म्हणाले. "याले म्हनते करमत नाई."

सारांनी तिकडं पाहिलं. त्यांचा चष्मा धुकटला. मग ते हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाकू कूडा." मलाही.

कुत्र्यानं होस्टेलात राहायचं नाही, हा नियम सारांनी मोडला नाही. ते नियमाचे पक्के होते. पण फाटकाजवळचं त्यांचं क्वार्टर होस्टेलात मोडत नव्हतं. सुनेचं माहेर तिथं ठरलं. चंपतनं रोज संध्याकाळी यावं, वाटलं तर मराठीत बोलावं, सार ऐकत बसतील. रेणुकाबाईंनी रीतीप्रमाणं पिल्लाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ते त्यानं लगेच पंजानं पुसून टाकलं, आणि मग बाईंनी सारांच्या हाती लाडवांचा डबा दिला.

बस आली तेव्हा वामनरावांनीही पिशवी उचलली.

"तुमी कुठं?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"मुऱ्हाळ्यासंगं घरचं मानूस लागते," ते म्हणाले, आणि पुढं काही विचारायच्या आत बसमध्ये चढले.

मंचिर्यालला पोचले तेव्हा चंपत मेसच्या पायरीवर बसला होता. पिल्लू सारांच्या हातातून सुटलं आणि त्याच्या अंगावर जाऊन आदळलं. त्यानं ते छातीशी धरलं, तोंड त्याच्या मानेत खुपसलं आणि कितीतरी वेळ वर काढलं नाही. मग त्याला बापाच्या वहाणा दिसल्या.

"बाबा?" तो गडबडून उठला. "तुमी काऊन आले?"

वामनरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मेसच्या भिंतीकडं पाहिलं. रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

"तुह्या मायले करमत नाई," ते म्हणाले. "म्हून आलो."

सार शेजारीच उभे होते. तो शब्द आता त्यांना चांगला कळत होता. त्यांनी एकदा वामनरावांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि चहा सांगायला मेसमध्ये गेले.